नरसाळ्यातला कापूस

उजवा खांदा अजून दुखतो. डॉक्टरांनी विचारलं, बाई, तरुणपणी काही जड काम करायचात का, तर मी म्हटलं, पाणी घुसळायचे. त्यांना वाटलं म्हातारी थट्टा करते आहे. थट्टा कसली? एकोणीसशे साठनंतरची तीन वर्षं मी नंदुरबारला पाणीच घुसळलं आणि सरकारनं मला त्याचा पगार दिला.

प्रयोगशाळा म्हणजे काही थोर प्रकरण नव्हतं. एका जिनिंगच्या, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्याच्या, भिंतीला लागून दोन खोल्या, पुढे ओटा, मागे लहानसं अंगण. नंदुरबार तेव्हा तालुक्याचं गाव, जिल्हा धुळे. मी धुळ्याचीच, बी.एस्सी. झालेली, नोकरी मिळाली म्हणून आलेली. कामाला माणसं दोन, साहेब आणि मी. साहेब सह्या करायचे, मी घुसळायचे. हिवाळ्यात वारा मिरचीच्या पठारींकडून आला की दोघंही शिंकत बसायचो. पठारी म्हणजे मिरची वाळत घालायची उघडी मैदानं. ती लाल होऊन जायची आणि आमचे डोळेही.

तापीकाठच्या गावांत कपाशीवर एंड्रिन हे कीटकनाशक मारायला नुकतीच सुरुवात झाली होती. लोक त्याला नुसतं 'दवा' म्हणायचे. दवा पाण्यात कालवायची तर पाणी विहिरीवर, म्हणून फवारणीचा पंप भरायचा विहिरीशी आणि कोणी आळशी असला तर धुवायचाही तिथेच. मग कुठे विहिरीतले मासे वर आले, कुठे एखादं जनावर मेलं, की त्या पाण्याची बाटली आमच्याकडे यायची. आम्ही सांगायचं, जहर आहे की नाही, असलं तर अंदाजे किती.

ते सांगायला काय करावं लागे, ते एकदा सांगून टाकते. तळाशी तोटी असलेल्या मोठ्या काचेच्या भांड्यात लिटरभर पाणी घ्यायचं, त्यात हेक्झेन ओतायचं. हेक्झेन रॉकेलसारखं पातळ आणि पाण्यात न मिसळणारं. बूच दाबून धरायचं, भांडं उलटं करायचं आणि हलवायचं. मधेच तोटी उघडून आतली हवा सोडायची, नाहीतर बूच उडून कपाळावर. पाण्यातलं जहर पाणी सोडून हेक्झेनमध्ये जातं. थांबलं की हेक्झेन वर तरंगतं, खालचं पाणी सोडून द्यायचं. एका नमुन्याला हे तीनदा, आणि दिवसात नमुने चार-पाच. संध्याकाळी वेणी घालायला हात वर होत नसे.

पुढे ते हेक्झेन कोरडं करायचं. लहान नरसाळ्याच्या गळ्याशी कापसाचा बोळा बसवायचा, त्यावर मिठासारखी पांढरी पूड टाकायची आणि त्यातून हेक्झेन ओतायचं. पूड ओलावा धरते, बोळा पूड धरतो. बोळ्याला दुसरं काही काम नाही. मग कोमट पाण्यावर ठेवून सगळं आटवायचं, दोन-चार थेंब उरेपर्यंत. ते थेंब एका खास कागदाच्या पट्टीवर टिपायचे, शेजारी माहीत असलेल्या जहराचे लहानमोठे थेंब टिपायचे, पट्टी बंद बरणीत द्रावात उभी करायची, दुसऱ्या दिवशी तिच्यावर चांदीचा क्षार फवारून अंगणातल्या उन्हात धरायची. जहर असेल तिथे तपकिरी डाग उमटतो. शेजारच्या डागाशी ताडून किती ते लिहायचं. मोठ्या शहरांतून म्हणे यंत्रं आली होती. आमच्याकडे नंदुरबारचं ऊन होतं, आणि त्या बाबतीत आम्ही कोणापेक्षा कमी नव्हतो.

आता त्या बोळ्याचं. तो दवाखान्यात वापरतात त्या धुतलेल्या कापसाचा असायला हवा. तो वरून यायचा. एकदा संपला. मी मागणी लिहिली, पुन्हा लिहिली, उत्तर नाही. साहेब म्हणाले, येईल, सरकारी काम आहे. इकडे नमुने साचलेले. भिंतीपलीकडे जिनिंगमध्ये कापसाचे डोंगर. मी विचार केला, आपण कापसाच्या गावात बसलोय आणि कापसासाठी हात जोडतोय, आपल्याइतका खुळा कोणी नसेल. गेले आणि मूठभर सरकी काढलेला कापूस मागून आणला. इतका पांढरा, इतका मऊ की धुतलेला बरा म्हणावा. खानदेशात दिव्याची वात, कानातला बोळा, बाटलीचं बूच, सगळ्याला माणूस आधी कापसाकडेच हात नेतो. मीही नेला. त्यात विचार करण्यासारखं मला काही दिसलं नाही.

नुसतं हेक्झेन घेऊन, पाण्यात काहीच नसताना, सगळी क्रिया एकदा करून पाहायची असते. म्हणजे आपल्याच भांड्यात घाण नाही ना, ते कळतं. प्रयोगशाळा सुरू झाली तेव्हा मी ते केलं होतं, कागद कोरा आला होता. कापूस बदलल्यावर पुन्हा करायला हवं होतं. केलं नाही. हेक्झेन कमी होतं, हात दुखत होते, आणि खरं सांगायचं तर डोक्यातच आलं नाही.

दसऱ्यानंतरच्या दिवसांत एक माणूस ओट्यावर आला. चाळिशीचा, भिल्ल, अंगात बंडी, डोक्याला मळकट फडकं. दोन बाटल्या गोणपाटात बांधून छातीशी धरून आणल्या होत्या. तापीकाठच्या एका गावचा तो सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राहणारा शेतगडी. मालक गुजर शेतकरी.

"मालकनी धाडं," तो म्हणाला. "पाणी शे. कागद लिसन येवानं सांगं."

मी धुळ्याची, अहिराणी मला कळायची. बोलले की आई रागवायची, म्हणून बोलत मात्र नसे. मी त्याला म्हटलं, भाऊ, तीन दिवस लागतील, कागद टपालानं येईल, तू जा. तो म्हणाला, मालक म्हणाला आहे कागदाशिवाय येऊ नको. "मंग मी अठेच बठस." आणि बसला.

तीन दिवस तो ओट्यावर होता. भाकरी बांधून आणली होती, ती संपल्यावर काय खाल्लं ते मी विचारलं नाही. भांड्यातली हवा सोडताना फुस्स आवाज झाला की तो दारातून डोकावायचा. कोणी माझ्या हाताकडे बघत बसलं की माझं डोकं फिरतं. पहिल्या दिवशी मी दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी उकाडा झाला म्हणून उघडलं, आणि मग तो बोलायला लागला.

झालं होतं असं. मालकाचा एक बैल विहिरीच्या हौदावर पाणी प्याला आणि सांज व्हायच्या आत पाय झाडून मेला. त्या शेतात दवा मारणारा हाच. पंप विहिरीच्या कठड्यावर ठेवलेला कोणीतरी पाहिला होता. झालं, गावानं ठरवलं की यानं पंप विहिरीवर धुतला. विहिरीवर चार घरांचं पाणी होतं. मालक म्हणाला, उगाच कोणाचं नाव घेऊ नये, पाणी तपासून आणू. आणि बाटल्या घेऊन पाठवलं कोणाला, तर ज्याच्यावर आळ त्यालाच. मालकाच्या मनात वाईट काही नव्हतं. सांगितलं ते काम सालदारानं करायचं असतं, आणि बाटल्या नेणं हे एक काम होतं, इतकंच.

"मी पंप नालामा धोया, बाई," तो म्हणायचा. "विहीरवर नही." सकाळी एकदा म्हणायचा, दुपारी एकदा. मी म्हणायचे, अरे, मला कशाला सांगतोस, पाणी सांगेल. हे वाक्य मला तेव्हा फार आवडलं होतं. आता आठवलं की माझीच मला चीड येते.

त्याचं काय पणाला लागलंय ते मला माहीत नव्हतं असं नाही. आमच्याकडे सालदाराचं साल आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला सुरू होतं आणि पुढच्या आखाजीला संपतं. आखाजीला मालक बदलला तर त्यात कमीपणा नाही. पण मधेच काढलेला सालदार म्हणजे सगळ्या पंचक्रोशीला कळलं, यानं काहीतरी केलं आहे. त्याला पुढे कोणी उभं करत नाही. नाव साफ झालं नाही तर त्यानं आणि बायकोनं जायचं कुठे, हे त्यानंच मला त्या ओट्यावर सांगितलं होतं, रडगाणं न गाता, जसं एखादा एसटीची वेळ सांगतो तसं.

तिसऱ्या दिवशी मी पट्टी अंगणात उन्हात धरली. डाग आला. ठळक नाही, पण स्पष्ट. एंड्रिनच्या ओळीत, बरोबर जिथे यायला हवा तिथे. मी स्वतःला म्हटलं, वाईट वाटून घेऊ नकोस, पाणी काय ते सांगतं.

मी मसुदा लिहिला, साहेबांनी सही केली, शिक्का मारला. 'नमुन्यात एंड्रिनचा अंश आढळला. पाणी माणसांस व गुरांस पिण्यास अयोग्य.' पाकीट डिंकानं चिकटवून मी त्याच्या हातात दिलं.

"बाई, पाणीमा काय शे?" त्यानं विचारलं.

मी म्हटलं, कागदात लिहिलं आहे, मालक वाचतील.

त्यानं पाकीट बंडीच्या आत घातलं, दोन्ही हात जोडले आणि गेला. आपल्या विरुद्धचा कागद छातीशी धरून तो माणूस चालत गावी गेला, आणि मला तेवढंही तोंडावर सांगवलं नाही. नियम होता म्हणे, निकाल तोंडी सांगायचा नाही. नियम होता हे खरं. पण मी नियमासाठी गप्प बसले नाही, मी घाबरले होते.

हिवाळा गेला. मी घुसळत राहिले. त्या महिन्यांत जवळजवळ प्रत्येक नमुन्यात डाग यायचा. साहेब खूश होते, वरच्या कचेरीला वाटायचं ही माणसं काम करतात. मी मात्र कंटाळून गेले होते. सगळी तापी जहरी झाली की काय, असं वाटायचं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बाटली उचलायची.

होळीच्या सुमाराला धडगावच्या दवाखान्यातून एक बाटली आली. वर डोंगरात एका पाड्यावर लोकांची पोटं बिघडली होती, तिथल्या झऱ्याचं पाणी होतं. त्या भागात कपाशी नाही, फवारणीचा पंप कोणी डोळ्यांनी पाहिलेला नाही. मी घुसळलं, गाळलं, आटवलं, पट्टी उन्हात धरली. एंड्रिनचा डाग. तोच, तेवढाच.

मी पट्टी हातात धरून अंगणात उभी राहिले. मग आत जाऊन आधीच्या पट्ट्या काढल्या आणि ओळीनं टेबलावर मांडल्या. गावं वेगळी, महिने वेगळे, आणि डाग सगळे एका मापाचे. पाण्यातलं जहर कधी एका मापाचं असतं का? कुठे जास्त, कुठे कमी, कुठे नाहीच, असं असायला हवं. हे मला पाच-सहा महिने दिसलं नव्हतं, आणि बी.एस्सी. म्हणून मी मिरवत होते.

दुसऱ्या दिवशी शुद्ध पाणी घेऊन सगळं केलं. डाग. नुसतं हेक्झेन बोळ्यातून ओतून आटवलं. डाग. बोळा काढून टाकला, पूड तशीच नरसाळ्यात काचेच्या तुकड्यांवर टेकवली आणि ओतलं. कागद कोरा.

कापूस. बोंडं फुटल्यावरही लोक दवा मारत होते, ती कापसाला धरून राहिली होती. दिसायला पांढराशुभ्र. मी प्रत्येक पाण्यात आपल्या हातानं जहर घालत होते आणि मग ते मोजत होते.

त्या सालदाराची दुसरी बाटली फळीखाली तशीच होती, चिठ्ठीसकट. एक नमुना तपासायचा, दुसरा राखून ठेवायचा, ही पद्धत होती. त्या दिवशी मी इतक्या हळू काम केलं की एका लिटरला सकाळ गेली. दुसऱ्या दिवशी पट्टी उन्हात धरली, चांगला अर्धा तास धरली. शेजारचे ओळखीचे डाग काळपट होत गेले. त्याच्या पाण्याची जागा कोरी राहिली.

मी साहेबांकडे गेले आणि सगळं सांगितलं. साहेब वाईट माणूस नव्हते. निवृत्तीला थोडे दिवस होते आणि त्यांना ते सुखानं काढायचे होते. त्यांनी चष्मा काढला, डोळे चोळले.

"उद्यापासून कापूस वापरू नका," ते म्हणाले.

"आणि गेलेले कागद?"

"बाई, एक मागे घेतला की सगळे घ्यावे लागतील. मग वरून विचारतील, तुमची प्रयोगशाळा हवी कशाला? कोणी पुन्हा तपासा म्हणून अर्ज केला, तर आपण पुन्हा तपासू. रीतसर."

"ज्याला लिहिता येत नाही तो अर्ज कसा करणार?" माझा आवाज चढला होता. टेबलावर मी हात आपटला, पेनाचं टोपण खाली पडलं. साहेबांनी ते उचललं, पुसलं आणि मला म्हणाले, घरी जा, आराम करा, दमला आहात. दमले होतेच. त्यांचं तेवढं मात्र खरं होतं.

रविवारी मी एसटीनं त्या गावी गेले. मालकाचं घर कोणीही दाखवलं. त्यांनी ओसरीवर बसवलं, चहा दिला आणि माझ्याशी शाळेतल्या स्वच्छ मराठीत बोलले. सालदाराला कागद आला त्याच आठवड्यात काढलं होतं. विहिरीवर बाभळीचे काटे टाकले होते, बायका नदीवरून पाणी आणत होत्या.

"ताई, मी त्याला काढला नसता," ते म्हणाले. "माझ्या वडिलांपासून आहे तो आमच्याकडे. पण सगळ्यांसमोर कागद वाचला. शिक्क्याचा कागद. त्यानंतर मी काय बोलणार?"

मी म्हटलं, माझी चूक झाली, पाणी चांगलं आहे, तुम्ही पिऊ शकता, तो खरं बोलत होता. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तुम्ही खोटं कशाला सांगाल? पण चार घरांना काय दाखवू? तसाच कागद आणा. आखाजीला अजून महिना आहे. कागद आला तर मी त्याला पुन्हा उभा करतो. नाहीतर मला दुसरा बघावा लागेल."

त्यांचं काय चुकलं? मी परत आले.

तो कुठे गेला हे त्यांना नक्की माहीत नव्हतं. कोणी म्हणालं डोंगरात गेला, कोणी म्हणालं गुजरातमध्ये ऊस तोडायला. दोन दिवस मी नुसतंच मनात घोळवत होते, धडगावची गाडी किती वाजता, रजा कशी मागू. आणि तो सापडला कुठे, तर नंदुरबारात. पठारीवर. माझ्या प्रयोगशाळेपासून मैलभरावर तो चार महिने मिरचीची पोती उचलत होता आणि मी खिडकी लावून त्याच मिरचीला शिंकत होते. जिनिंगमधल्या एका हमालानं सांगितलं म्हणून कळलं.

दुपारची वेळ होती. त्याची बायको इतर बायकांबरोबर देठ खुडत बसली होती, तोंडाला पदर बांधलेला, फक्त डोळे उघडे. तो पोतं टाकून आला, मला बघून उभा राहिला. मी सांगायला लागले. पाणी चांगलं होतं, जहर माझ्या कापसात होतं, तुझी काही चूक नव्हती. बोलताना मला ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं. मिरचीनं आलं की कशानं, कोण जाणे.

बायकोनं हातातली मिरची टोपलीत टाकली, पदर तोंडावरून खाली केला.

"तोंडे त यानी बी सांगेल व्हतं," ती म्हणाली. "तीन दिन सांगेल व्हतं तुमले."

ती रागावून नाही बोलली. तिनं दुसरी मिरची उचलली आणि पदर पुन्हा बांधला. मी तिथून निघाले. तिनं मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्या आठवड्यात साहेब बैठकीसाठी धुळ्याला गेले. शिक्का त्यांच्या खणात असे, खणाला कुलूप नसे. मी कचेरीच्या कागदावर लिहिलं, 'पूर्वीचा अहवाल तपासणीतील दोषामुळे चुकीचा होता. राखीव नमुना पुन्हा तपासला. एंड्रिन आढळले नाही. पाणी पिण्यास योग्य.' साहेबांच्या सहीच्या जागी 'करिता' लिहून माझी सही केली, शिक्का मारला. बाकीच्या गावांनाही 'अहवाल सदोष, पाणी पुन्हा तपासून घ्यावे' असे कागद करावेत म्हणून जावकाची वही उघडली आणि करत गेले. साहेब दुसऱ्या दिवशी सकाळी परत आले तेव्हा अर्धे टपालात पडले होते, अर्धे टेबलावर होते. टेबलावरचे त्यांनी उचलून कपाटात ठेवले. ते पुढे कधीच गेले नाहीत. मला मेमो मिळाला आणि पावसाळ्याआधी बदली झाली.

त्याचा कागद मात्र मी टपालात टाकला नव्हता. पठारीवर जाऊन त्याच्याच हातात दिला, उघडा, आणि आधी सगळा वाचून दाखवला.

आखाजीच्या दिवशी सुट्टी होती. मी अंगणात काचेची भांडी धूत होते, कारण घरी बसून करायचं काय. तो आला. अंगात धुतलेली बंडी होती. मालकानं चार घरांसमोर कागद वाचला होता, विहिरीवरचे काटे काढले होते, त्याला पुन्हा सालदार म्हणून उभा केला होता. हे त्यानं उभ्याउभ्याच सांगितलं. मला इतकं बरं वाटलं की मी हात पुसून त्याला आत बसायला सांगितलं. चहा करते म्हटलं.

तो बसला नाही. फडकं डोक्यावरून काढून हातात धरलं.

"मालकनी कागद वाची दाखाडा," तो म्हणाला. "त्यामा बैलनं नाव नही."

मला कळेना. मी म्हटलं, अरे, तो पाण्याचा कागद आहे. पाणी चांगलं होतं एवढंच त्यात असतं.

मग त्यानं सांगितलं. त्याचं बोलणं तुटक होतं, मी जमेल तसं माझ्या शब्दांत सांगते. बैल वासरू असल्यापासून त्यानं वाढवला होता. त्या दिवशी बैल पाणी पीत नव्हता, हौदाला तोंड लावून मान फिरवत होता. तेव्हा यानं शीळ घातली. बैलांना पाणी पाजताना आमच्याकडे शीळ घालतात, शीळ ऐकली की ते पितात. बैल त्याच्या शिळेवर भरपूर पाणी प्याला. नंतर कागद आला, पाण्यात जहर आहे. पंप आपण नाल्यात धुतला हे त्याला पक्कं माहीत होतं. पण शिक्क्याचा कागद जहर आहे म्हणतो, म्हणजे असणार. पंपातून गळलं असेल, हाताला लागलेलं असेल. सहा महिने तो समजत होता की बैलाला आपणच शीळ घालून जहर पाजलं. त्यानंतर त्यानं शीळ घातली नव्हती. आज मालकानं दावं हातात दिलं, बैल हौदावर नेले, आणि त्याच्या तोंडातून शीळ निघेना.

"मंग बैल मी मारा नही?" त्यानं विचारलं.

बैल कशानं मेला ते मला माहीत नव्हतं, अजूनही नाही. पण जे माहीत होतं ते होतं. मी म्हटलं, नाही. त्या पाण्यानं बैल मेला नाही. तू नाही मारलास.

"लिखी दे."

मी आत गेले. कचेरीचे कागद साहेबांनी कुलुपात ठेवले होते, शिक्काही. माझ्या कामाच्या वहीचं एक पान फाडलं आणि त्यावर लिहिलं, 'या पाण्यात जहर नव्हते. या पाण्याने बैल मेला नाही. सालदाराचा यात काही दोष नाही.' खाली सही केली. बाहेर येऊन त्याला वाचून दाखवलं. बैलाचा शब्द कुठला, ते त्यानं विचारलं, मी बोट ठेवून दाखवलं. त्यानंही तिथे बोट ठेवलं.

मी म्हटलं, भाऊ, यावर शिक्का नाही. माझ्याकडे आता शिक्का नाही.

"ऱ्हाऊ दे," तो म्हणाला, आणि कागदाची घडी घालून बंडीच्या आत ठेवली.